शेवटची साइज

इंजिन बसलं की माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग मेकॅनिकचं, आणि दोघांकडूनही पक्कं उत्तर मिळालं नाही की आमच्या बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या गल्लीत येतो. त्याला एकच विचारायचं असतं, "राहील की जाईल?" म्हणजे आहे तेच इंजिन दुरुस्त होईल, की ते काढून दुसरं टाकावं लागेल? दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक ज्या आवाजात विचारतात ना, त्याच आवाजात. तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. मी म्हणजे नववी पास बाई, हातात मायक्रोमीटर, साडीवर ह्यांचा जुना शर्ट. पुष्कळ लोक माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "मिस्तरी कुठे आहेत?"

मिस्तरी आतच असायचे. आमचे हे. मशीन त्यांचं, हात त्यांचा. डोळे तेवढे माझे.

आधी आमचं काम काय ते सांगते. आमचं गॅरेज नाही. गॅरेजमधला मेकॅनिक इंजिन खोलतो आणि त्यातले जड भाग हातगाडीवर घालून आमच्याकडे पाठवतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडर असतात, सरळ सांगायचं तर नळ्या. त्यांतून पिस्टन वरखाली पळतो. पळून पळून नळी घासते, गोल असते ती अंड्यासारखी होते. आम्ही ती आतून कोरून पुन्हा गोल करतो, किंवा तिच्यात लाइनर म्हणजे नवी नळी दाबून बसवतो. पिस्टनची वरखाली धाव ज्या दांड्यामुळे चाकांसाठी गोल फिरते, तो क्रँक. तोही घासतो. त्याला ग्राइंडिंग करून पुन्हा गुळगुळीत करायचं, पण दर वेळी तो थोडा बारीक होतो. दहा, वीस, तीस, चाळीस अशा त्याच्या साइज आहेत. चाळीसच्या पुढे तो ज्यात फिरतो ते बेअरिंगच त्या मापाचं मिळत नाही. तिथे क्रँकचं आयुष्य संपलं.

आता यात बाई कशी आली? माझे वडील इथल्याच एका कारखान्यात मागावरचं कापड तपासायचे. कापडावर छोटं घडीचं भिंग ठेवायचं आणि एका इंचात किती धागे ते मोजायचं. लहानपणी त्यांच्याबरोबर मीही मोजायची आणि माझा आकडा क्वचितच चुकायचा. लग्न होऊन दुकानावर डबा पोचवायला येऊ लागले तेव्हा मशीनकडे बघायचीही भीती वाटायची. मग ह्यांना साखरेचा आजार निघाला. एक दिवस म्हणाले, "शालू, आज उजेड कमी आहे. ही रेघ कुठल्या आकड्यावर आहे, सांग बरं." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही उजेड कमीच होता. मी मोठा बल्ब आणून लावला, तरी कमीच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "अहो, खरं सांगा, दिसत नाही ना?" ते मायक्रोमीटर पुसत बसले. मी तो त्यांच्या हातातून घेतला, तो परत दिलाच नाही.

लोकांना वाटतं राहील की जाईल हे अनुभवानं कळतं. अनुभवानं फक्त शंका कुठे घ्यायची ते कळतं. बाकी मोजावंच लागतं. एकेक सिलिंडर तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. चार सिलिंडरचे चोवीस आकडे. त्यातला एक खोटा लिहिला तर बाकीचे तेवीस काही कामाचे नाहीत.

हे मी शिकले ते चूक करून. शहापूरचे एक टॅक्सीवाले घाईत होते. त्यांच्या चौथ्या सिलिंडरला एक आकडा मर्यादेपेक्षा दोन रेघांनी जास्त होता. मशीनवर दुसरं काम चढलेलं होतं, ते उतरवायचं जिवावर आलं. दोनच तर रेघा, असं म्हणून मी सांगून टाकलं, "चालेल." दीड महिन्यात असीरगडच्या घाटात तो पिस्टन अडकला. ते मुलीला घेऊन इंदूरला निघाले होते, नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. दुसरी गाडी मिळून पोचेपर्यंत खिडकी बंद झाली. मुलीची जागा गेली. इंजिन परत आणलं तेव्हा ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "भाभी, तुम्ही मोजलं होतं ना?"

मी हो म्हणाले. मोजलं होतंच. त्याहून वाईट उत्तर मला आजवर द्यावं लागलं नाही. इंजिन फुकट करून दिलं. ते पुन्हा आमच्या दाराशी आले नाहीत. तेव्हापासून खरे आकडे कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि मगच तोंड उघडायचं, असा नियम केला.

हे सगळं सांगितलं ते जगनभाऊंच्या इंजिनासाठी. चार-पाच वर्षं झाली त्याला.

जगनभाऊ तापीपलीकडचे, जैनाबादच्याही पुढच्या एका खेड्यातले. भावाची केळी होती, त्यांचं शेतीत मन नव्हतं. जुनी डिझेलची जीप घेतली आणि पाच खेड्यांतल्या आठ मुलींना रोज कॉलेजला बऱ्हाणपुरात आणायचं, परत न्यायचं, हे काम धरलं. पहिली बस यायची तोवर कॉलेजचे दोन तास होऊन जायचे. जीप होती म्हणून मुली शिकत होत्या. आणि खरं म्हणजे जीपपेक्षा जगनभाऊ होते म्हणून. पाचही गावांतले बाप म्हणायचे, "जगन आणतो ना? मग जाऊ द्या."

मे महिना, परीक्षा चालू. शुक्रवारी सकाळी पेपरला येताना तापीच्या पुलाच्या अलीकडे जीपमधून वाफ निघाली आणि इंजिन ठप्प झालं. मुली मागून आलेल्या केळीच्या टेम्पोत चढून कशाबशा पोचल्या, वीस मिनिटं उशिरा. पुढचा पेपर गुरुवारी होता. हातात सहा दिवस.

शनिवारी सकाळी इंजिनाचे भाग घेऊन अन्वरभाई आले. बुधवारा मोहल्ल्यातले जुने मेकॅनिक, आमच्याकडे वीस वर्षांपासून काम पाठवणारे. मागोमाग जगनभाऊ. उंच माणूस, पण त्या दिवशी दारातून वाकून आल्यासारखा आला.

"भाभी, मेरी मानो तो इसको छोडो," अन्वरभाई म्हणाले. "इंदौर में एक इंजन पडा है, चालू हालत में. परसों आ जाएगा, बुधवार को गाडी खडी कर दूँगा."

जगनभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा ना. राहील का जाईल?"

"हे बसलं कसं ते आधी सांगा."

"तापलं. मी वरून पाणी ओतलं. थंड पाणी, तापलेल्या इंजिनावर. कळत असून ओतलं भो. माझीच चूक."

तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतलं तर लोखंड तडकू शकतं, हे खरं आहे. गरम काचेच्या ग्लासात बर्फ टाकून बघा. मी इंदूरच्या इंजिनाबद्दल अन्वरभाईंना विचारलं, "उघडून मोजू देतील?"

"उघडने नहीं देंगे, भाभी. जैसा है वैसा."

"आणि त्याचा नंबर? कागद?"

अन्वरभाईंनी मान वळवली. गाडीच्या कागदावर इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन तो बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधीच्या मालकाचे कागद लागतात. नसतील तर रस्त्यात कुणीही अडवू शकतं. आत आठ मुली असताना.

मी म्हणाले, "अन्वरभाई, लग्नाआधी मी ह्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही खाली मान घालून. चांगले निघाले हे माझं नशीब. पण दर वेळी न उघडता घेतलेलं चांगलंच निघेल असं कुठंय?"

आतून ह्यांचा आवाज आला, "मी ऐकतोय."

अन्वरभाई हसले. जगनभाऊ मात्र हसले नाहीत. मी त्यांना चार वाजता यायला सांगितलं आणि मोजायला बसले.

बाराच्या सुमाराला दारात एक मुलगी उभी राहिली. कॉलेजची बॅग, ओढणीनं तोंड बांधलेलं, उन्हानं डोळे लाल. नाव प्राची. जगनभाऊंच्या आठ मुलींतली एक. तिची आत्या बुधवाऱ्यात राहत होती, म्हणून जीप बंद पडल्यावर ती परीक्षा संपेपर्यंत तिच्याकडे राहायला आली होती. बाकीच्या सात जणींचं इथे कुणी नव्हतं.

"काकू, ते जीपचं इंजिन इथंच आलंय ना?"

"हो. का गं?"

ती आत आली, ब्लॉककडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "काकू, सच बताओ. माझ्यामुळे तुटलं ना?"

मला कळेना. मी तिला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"जगनकाका तर बॉनेट उघडायला गेले होते. पेपरची वेळ होत होती. मी कॅन घेऊन पळत नदीवर गेले, पाणी आणलं आणि ओतून दिलं. ते 'थांब थांब' म्हणत होते, मी ऐकलंच नाही. मग आतून टक्क असा आवाज आला. मतलब, फुटल्यासारखा. काका सगळ्यांना सांगतायत की मी ओतलं, मी ओतलं. आमच्या जीपमधल्या कोमलच्या पप्पांनी काल सांगून टाकलं की आता गाडी नाही तर पेपर नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी पाठवतं का, काकू? तिचं लग्न करून टाकतील."

'तुझी काही चूक नाही बाळा' असं म्हणणं सोपं होतं. पण न मोजता 'चालेल' म्हणण्यासारखंच झालं असतं ते. मी म्हणाले, "मला माहीत नाही. बघू या. बस इथं."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्यातली पाण्याची सगळी भोकं बंद करायची, आत हवा भरायची आणि अख्खं हेड कोमट पाण्याच्या हौदात बुडवायचं. सायकलची ट्यूब पंक्चरवाला बुडवतो तसंच. हे काम ह्यांचं. त्यांनी चाचपत पट्ट्या आवळल्या, हवा सोडली. मी आणि प्राची हौदावर वाकलो. आधी काहीच नाही. मग तिसऱ्या सिलिंडरच्या जागेवरून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

"फुटलंय," प्राची म्हणाली.

"तडा आहे," मी म्हणाले. "कधीचा आहे ते अजून कळलेलं नाही."

हेड बाहेर काढलं, पुसलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी रेघ होती. ते हेड तसंही जाणारच होतं, म्हणून मी ती जागा छोट्या ग्राइंडरनं खोल कापली आणि तड्याच्या आतली बाजू उघडी केली. वडिलांचं ते कापडाचं भिंग अजून माझ्या खणात असायचं. ते प्राचीच्या हातात दिलं.

"काय दिसतं?"

"काळं काळं आहे. आणि थोडं पांढरं, खारं पाणी सुकल्यासारखं."

"किती खोल?"

"खालपर्यंत."

"आता हे बघ." मी शेजारी पडलेला एक भंगाराचा तुकडा हातोडीनं तोडला. तुटलेली बाजू चांदीसारखी चमकत होती. "ताजं तुटलेलं लोखंड असं दिसतं. त्या तड्यात काजळी आणि पाण्याचा क्षार बसायला आठवडे लागतात. तुझ्या पाण्याआधीपासून आहे तो, रेडिएटरचं पाणी रोज त्यातून जात असणार. तू पाणी ओतलंस ती चूकच, परत कधी करू नकोस. पण हेड त्यानं तडकलेलं नाही."

तिनं पुन्हा भिंग लावून बघितलं. मग तिसऱ्यांदा बघितलं. मग हातातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

चार वाजता जगनभाऊ आले तेव्हा ती तिथंच होती. तिला बघून ते गडबडले. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "काका, तुम्ही रोज रेडिएटरमध्ये पाणी भरत होता का?"

जगनभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "महिना झाला," ते म्हणाले. "रोज सकाळी दोन लिटर. मला वाटलं, तुमची परीक्षा होईपर्यंत ओढून नेऊ. खोललं असतं तर आठ दिवस गाडी उभी राह्यली असती."

"मग तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? सगळे तुम्हालाच बोलत होते."

"तू लेकरू आहेस. तुझं नाव गावात कशाला?" ते म्हणाले. "आणि मला खरंच वाटलं होतं की त्या पाण्यानंच गेलं. रातभर तुझ्यावर राग येत होता, खोटं नाही बोलत. मग सकाळी इथून गेल्यावर आठवलं, अरे, महिनाभर पाणी जात होतं ते कुठं जात होतं?"

प्राची हसली की रडली ते नीट कळलं नाही. दोन्ही थोडं थोडं असावं.

आता मुख्य गोष्ट उरली होती. हेड नवीन घ्यावंच लागणार होतं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये खोल ओरखडे होते, पण तिथे लाइनर बसवता येत होता. बाकीचे तीन मर्यादेत होते. खरा पेच क्रँकचा. एक बेअरिंग जळून त्याला चिकटलं होतं, म्हणजे ग्राइंडिंग आलंच. मी मोजलं. आधीच तीसवर होता. म्हणजे आता चाळीस. शेवटची साइज.

ह्यांनी क्रँक साखळीला टांगायला लावला. छोट्या हातोडीनं एकेका जागी टकटक केली आणि कान लावून ऐकलं. आतून चीर असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. हा घंटेसारखा वाजला. तरी ह्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"शालू, हे नको करायला," ते म्हणाले. जगनभाऊ समोर असताना म्हणाले, ते मला लागलं. "चाळीसवर गेला की संपला. पुढं काही नाही. आत आठ पोरी बसणार. त्या शहापूरवाल्यांचं आठवतं ना?"

"आठवतं म्हणूनच सांगते. तेव्हा आकडा वाईट होता आणि मी चांगला म्हणाले. आज आकडा चांगला आहे. भीती वाटते म्हणून त्याला वाईट म्हणू?"

"पण टिकेल किती?"

"ते विचारा ना, मग त्याचंच उत्तर देते." मी कागद जगनभाऊंपुढे ठेवला. चोवीस आकडे, क्रँकचे वेगळे. "भाऊ, हे इंजिन मी नवं करून देऊ शकत नाही. जपून चालवलं, पाण्याच्या काट्यावर लक्ष ठेवलं, तर दोन वर्षं, फार तर तीन. त्यानंतर ते दुरुस्त होणार नाही. कुणीही तुम्हाला होईल म्हणालं तर ऐकू नका. तेव्हा बदलायचंच."

जगनभाऊंनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. आकडे त्यांना कळत नव्हते, हे मला माहीत होतं. ते प्राचीकडे वळले.

"तुझी किती वर्षं राह्यली?"

"माझं एक, काका. कोमल आणि दोघी फर्स्ट इयरला आहेत, त्यांची दोन."

"मग मला दोनच पाहिजे," जगनभाऊ म्हणाले. "करा वहिनी."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, इंजिनात किती दम उरलाय ते. त्याला कुठवर जायचंय हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न तोच विचारू लागले. महिन्यातून एकदा देवदर्शनाला जाणारी गाडी आणि रोज केळीचे घड ओढणारी गाडी, दोघींचे आकडे सारखे आले तरी उत्तर सारखं नसतं.

ह्यांनी आणखी वाद घातला नाही. "क्रँक मीच घेतो मशीनवर," एवढंच म्हणाले. डोळे गेल्यापासून ग्राइंडिंग करताना ते बोटाच्या टोकांनी पृष्ठभाग बघायचे, आणि मी दर फेरीला थांबवून मोजायची. रविवारचा अख्खा दिवस त्या एका क्रँकवर गेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पंख्याचा वारा गरम. संध्याकाळी शेवटचं माप घेतलं. आकडा हवा तिथं, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. मी तो मोठ्यानं वाचला. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचला.

सोमवारी नवं हेड बसच्या पार्सलनं आलं. मंगळवारी लाइनर बसला. अन्वरभाईंनी जुळवाजुळव केली आणि बुधवारी दुपारी त्यांच्या गॅरेजात सेल्फ मारला. इंजिन चालू झालं, पण तेलाचा लाल दिवा विझेना. अन्वरभाईंनी लगेच बंद केलं. जगनभाऊंचा चेहरा पांढरा पडला. माझ्या डोळ्यांपुढून चोवीस आकडे गेले, कुठला चुकला? ह्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तेलाचा पंप कोरडाच बसवला का?" अन्वरभाईंनी कपाळावर हात मारला. पंपात तेल भरून पुन्हा चालू केलं. चार-पाच क्षण, आणि दिवा विझला.

"चालीस साल में पहली बार भूला," अन्वरभाई म्हणाले. त्या आधी किती वेळा विसरले ते मी बोलले नाही.

नवं काम केलेलं इंजिन पहिले काही दिवस हळू चालवावं लागतं, ताशी चाळीसच्या वर नाही. म्हणून गुरुवारी जगनभाऊंनी मुलींना पाऊण तास लवकर तयार राहायला सांगितलं. हे मला म्हणाले, "तू जा बरोबर. काटा बघ, आवाज ऐक आणि मला येऊन सांग." मी पहाटेच अन्वरभाईंच्या गॅरेजातून जीपमध्ये पुढे बसले. पूल ओलांडला, केळीच्या बागांमधून एकेक गाव घेत गेलो. प्रत्येक गावात फाट्यावर मुलगी आणि तिच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूस उभं. कोमलचे वडील तर जीपच्या पुढेच येऊन थांबले. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"या कोण?"

"यांनीच इंजिन मोजलं," जगनभाऊ म्हणाले.

"मग बंद पडली तर?"

"पडली तर मीही यांच्याबरोबर रस्त्यात उभी राहीन," मी म्हणाले. "म्हणूनच आले."

ते बाजूला झाले. कोमल इतक्या पटकन चढली की तिची चप्पल खाली राहिली. ती त्यांनीच उचलून दिली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ते इंजिन तीन उन्हाळे चाललं. तिसऱ्या वर्षी आवाज करू लागलं तेव्हा जगनभाऊ स्वतःच म्हणाले, आता नाही. त्यांनी कागदपत्रांसकट चांगलं इंजिन टाकलं. तोवर त्या आठही जणींच्या परीक्षा झाल्या होत्या. दोघी नापास झाल्या, तेही सांगायला हवं. पण पेपर देऊन नापास झाल्या, आणि पुढच्या वर्षी परत बसल्या. कोमलचं लग्न झालं, पदवी झाल्यावर. प्राची रावेरला एका शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही गेल्या वर्षी मशीन विकलं. ह्यांच्या बोटांनाही आता पूर्वीसारखं कळत नाही.

त्या गुरुवारी रस्ताभर मागून कुरकुर चालली होती. "काका, पायी गेलो असतो तर पोचलो असतो." जगनभाऊ ऐकूनही ऐकत नव्हते. पुलावर त्यांचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले, मी काट्यावरून नजर हलवली नाही. काटा मधोमध होता. पूल मागे पडला. कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पेपरला वीस मिनिटं होती. मुली उतरून पळाल्या. प्राची आत्याकडून चालत आली होती. ती फाटकातून एकदा माझ्याकडे बघून गेली.

परत न्यायचं होतं म्हणून आम्ही तीन तास लिंबाखाली थांबलो. जगनभाऊंनी बॉनेट उघडून दोनदा पाणी तपासलं. एक थेंबही कमी झालं नव्हतं. तरी ते तिसऱ्यांदा तपासायला उठले, मी त्यांना बसवलं. मग शेजारच्या गाड्यावरून त्यांनी दोन चहा आणले आणि आम्ही प्यायलो.

घंटा झाली. मुली बाहेर आल्या त्या भांडतच. पाचव्या प्रश्नाचं उत्तर काय, यावर दोन तट पडले होते. बोलत बोलतच जीपमध्ये चढल्या, एकमेकींना सरकवून बसल्या, बॅगा पायांशी टाकल्या. इंजिनाबद्दल कुणी काही विचारलं नाही. जीपकडे कुणी नीट पाहिलंसुद्धा नाही. जगनभाऊ माझ्याकडे बघून हसले, सहा दिवसांत पहिल्यांदा.

मागून कोमलनं दार ओढून लावलं आणि म्हणाली, "चला ना काका, भूक लागली."